गिरणी स्वतःला सांभाळते तेव्हा

दिवसाला २०० टन गहू दळणाऱ्या रोलर फ्लोअर मिलमध्ये रात्री दोन वाजता शिरलात, तर पहिला प्रश्न पडतो तो हा, की माणसे आहेत कुठे? पाच मजली इमारत थरथरत असते, रोलरच्या रांगा घुमत असतात, वर टांगलेल्या कपाटाएवढ्या चाळण्या गरगरत असतात आणि सगळ्या मजल्यांवर मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच माणसे दिसतात. २०० टन म्हणजे सेकंदाला सव्वादोन किलोहून जास्त गहू. तो भरडला जातो, नळीतून वर चढतो, चाळला जातो, खाली येतो आणि पुन्हा दळला जातो. रवा, मैदा, आटा आणि कोंडा वेगळे होईपर्यंत मालाचा काही भाग हा वर-खाली प्रवास दहा-बारा वेळा करतो. या वाटेत कुठे गहू कमी आला, कुठे नळी तुंबली, कुठे बेअरिंग तापले, तर ते माणसाच्या आधी गिरणीच्या लक्षात येते.

संगणकाच्या काळात यात नवल ते काय, असे कुणी म्हणेल. पण यंत्राने आपले आपण सांभाळायचे ही युक्ती मोटारींच्या कारखान्यातून किंवा अवकाशयानातून गिरणीत आलेली नाही. ती गिरणीतून बाहेर गेली आहे.

घंटा आणि दोन गोळे

युरोपातल्या जुन्या पाणचक्क्या आणि पवनचक्क्यांमध्ये दळायच्या दगडांवर धान्याचे हॉपर असे. त्या धान्याखाली एक पट्टा दाबून ठेवलेला असे आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला घंटा बांधलेली असे. धान्य आहे तोवर त्याच्या वजनाने पट्टा ताणलेला राही. धान्य संपत आले की पट्टा सैल पडे, घंटा खाली येई आणि फिरत्या भागाला लागून वाजू लागे. रिकामे दगड एकमेकांवर घासले की ठिणग्या उडतात, म्हणून ही काळजी. पातळी मोजणे, धोका ओळखणे आणि इशारा देणे ही तिन्ही कामे त्या एका चामडी पट्ट्याने उरकली होती.

वैरण घालायलाही तिथे हात लागत नसे. हॉपरखाली एक कलती पन्हळ असे आणि दगडाबरोबर फिरणारा दांडा तिला धक्के देई. दगड जोरात फिरले की धक्के वाढत आणि धान्य जास्त पडे. दगड मंदावले की वैरणही मंदावे.

पवनचक्कीचे खरे दुखणे मात्र वारा होता. वारा वाढला की दगड वेग घेत, धान्य भराभर आत येई, वरचा दगड उचलला जाई आणि पीठ भरड पडे. त्यावर गिरणीवाल्यांनी शोधलेला उपाय असा होता: उभ्या फिरत्या दांड्याला बिजागरीने दोन जड गोळे टांगायचे. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जाऊन वर चढत आणि त्यांना जोडलेल्या तरफा दगडांमधली फट कमी करत. वेग उतरला की गोळे खाली येत आणि फट पूर्ववत होई. टॉमस मीड या इंग्रजाने १७८७ मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले.

लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्स पुलाशेजारी १७८६ मध्ये अल्बियन मिल्स नावाची प्रचंड गिरणी सुरू झाली होती. तिची वाफेची इंजिने बोल्टन आणि वॅट यांच्या कंपनीची. १७८८ मध्ये मॅथ्यू बोल्टनने तिथे ही गोळ्यांची करामत पाहिली आणि जेम्स वॅटला पत्राने कळवली. वॅटने तेच गोळे इंजिनाच्या वाफेच्या झडपेला जोडले. वॅटच्या नावाने ओळखला जाणारा गव्हर्नर तो हाच. अल्बियन मिल्स १७९१ मध्ये आगीत खाक झाली, पण गोळे जगभर पसरले.

पुढे ते गोळे बिथरूही लागले. वेग वाढला म्हणून वाफ कमी केली, ती जरा जास्तच कमी झाली. मग वेग पडला म्हणून वाफ वाढवली, तीही जास्तच वाढली. असे इंजिन हेलकावत राही. हा हेलकावा कधी शमतो आणि कधी वाढत जातो, याचे गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये ‘ऑन गव्हर्नर्स’ या निबंधात मांडले. विमानापासून वातानुकूलन यंत्रापर्यंत जे काही स्वतःला सावरून घेते, त्याच्या शास्त्राचा पाया म्हणून हा निबंध आजही सांगितला जातो.

अल्बियन मिल्सच्याच सुमारास अमेरिकेत, डेलावेअरमधल्या रेड क्ले क्रीक या ओढ्यावर, ऑलिव्हर इव्हान्सने गिरणीतली ओझी वाहणारी माणसेच काढून टाकली. धान्य वर चढवायला पट्ट्यावर बसवलेल्या बादल्या, आडवे सरकवायला मळसूत्र, दळलेले गरम पीठ पसरून गार करायला फिरता दांताळा. एका टोकाला गहू ओतायचा आणि दुसऱ्या टोकाला पीठ घ्यायचे. सांगतात, की शेजारचे गिरणीवाले पाहायला आले तेव्हा इव्हान्स शेतात गवत कापत होता आणि गिरणी एकटीच चालू होती. पाहुण्यांना हे सारे सोंग वाटले. पण १७९० मध्ये त्याला अमेरिकेचे तिसरे पेटंट मिळाले आणि जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या माउंट व्हर्ननच्या गिरणीत ही यंत्रणा बसवून घेतली. त्या बादल्यांचा पट्टा आजही जवळपास प्रत्येक गिरणीत ‘एलिव्हेटर’ म्हणून फिरतो आहे.

पाणी किती, हे आधी ठरवायचे

आता आजच्या गिरणीत येऊ. गहू आत येतो तेव्हा त्यात साधारण ९ ते ११ टक्के ओलावा असतो. इतका कोरडा गहू तसाच रोलरखाली घातला तर टरफलाचा चुरा होतो, तो मैद्यात मिसळतो आणि मैदा करडा पडतो. पाणी लावून मुरवला की टरफल चिवट होते आणि आतला गर ठिसूळ. मग टरफल मोठ्या तुकड्यांत सुटते आणि गर मोकळा होतो. पुरणपोळीसाठी गहू ओलवून, कापडात बांधून ठेवून मग सपीट काढणाऱ्या घरांना हे नव्याने सांगायला नको. गिरणीत याला टेम्परिंग म्हणतात. ओलावा १६ टक्क्यांच्या आसपास नेतात आणि गहू बिनमध्ये मुरत ठेवतात. मऊ गव्हाला काही तास पुरतात, कडक गव्हाला १६ ते २४ तासही लागतात.

पण पाणी घालायचे किती? १० टक्क्यांचा १६ टक्के करायचा म्हणजे १०० किलोला ६ लिटर, असे चटकन मनात येते आणि ते चुकते. १०० किलो गव्हात कोरडा भाग ९० किलो. हे ९० किलो नव्या वजनाच्या ८४ टक्के भरले पाहिजेत. म्हणजे नवे वजन १०७ किलो १४० ग्रॅम आणि पाणी ७ लिटर १४० मिलिलिटर. २०० टनांच्या गिरणीला हे दिवसाला १४ हजार लिटरच्या घरात जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे १६५ मिलिलिटर.

या कामात वॅटचे गोळे उपयोगी पडत नाहीत. चूक दिसल्यावर ती सुधारायची ही त्यांची रीत. इथे चूक दिसते ती गहू मुरून रोलरखाली आल्यावर, आणि तोवर शंभर-दीडशे टन गव्हाला चुकीचे पाणी लागून गेलेले असते. म्हणून इथे रीत उलटी आहे. पाणी घालण्याआधीच गव्हाची वाहती धार मोजतात. धारेतून मायक्रोवेव्ह लहरी सोडतात किंवा ती विद्युतक्षेत्रातून नेतात. पाण्याच्या रेणूंचा अशा क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद स्टार्चच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे दाणा न फोडता त्यातला ओलावा कळतो. त्याच वेळी धारेचे वजन आणि तापमान मोजले जाते आणि पाण्याची झडप त्या हिशेबाने उघडते. शरबतीचा लॉट संपून लोकवन सुरू झाला आणि तो एका टक्क्याने कोरडा असला, तर ऑपरेटरने मान वळवायच्या आत पाण्याची धार बदललेली असते.

याच पाण्यात गिरणीचा पैसाही आहे. १०७ किलो ओला गहू आत जातो आणि सगळे पदार्थ मिळून सरासरी साडेतेरा टक्के ओलाव्याने बाहेर पडले, तर सफाईतली घट सोडून वजन १०४ किलो भरते. घेतला त्यापेक्षा जास्त माल विकला, आणि तोही कायद्यात बसून, कारण आटा-मैद्याला १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. उरलेले तीन किलो पाणी रोलरच्या उष्णतेने वाफ होऊन हवेबरोबर निघून जाते. किती जाईल हे ऋतूवर असते. विदर्भातल्या मे महिन्याची कोरडी हवा पिठातले पाणी शोषून नेते, कोकणातल्या जुलैची हवा ते पिठातच राहू देते. म्हणून मे महिन्यातला पाण्याचा आकडा जुलैत चालत नाही, आणि हुशार गिरणी बाहेरच्या हवेचाही ओलावा मोजत असते.

रोलरला माल दिसतो

दगडी जाती जाऊन पोलादी रोलर आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात आंद्राश मेखवार्ट याने कडक केलेल्या ओतीव लोखंडाचे रोलर घडवले आणि हंगेरीचा पांढराशुभ्र मैदा युरोपभर गाजला. तत्त्व आजही तेच आहे. दोन रोलर एकमेकांकडे फिरतात, पण वेगवेगळ्या वेगाने. पहिल्या भरडणीच्या रोलरना खाचा असतात आणि वेगवान रोलर मंद रोलरच्या अडीच पट फिरतो. मंद रोलर दाण्याला धरून ठेवतो आणि वेगवान रोलर त्याला उलगडतो, त्यामुळे गर टरफलावरून खरवडला जातो. पुढचे रोलर बहुधा गुळगुळीत, वेगातला फरक सव्वापट, आणि फट एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास.

अशा रोलरांमध्ये माल नसेल तर? धातूला धातू लागेल, खाचा बोथट होतील, ठिणगी पडेल. जुन्या घंटेचे काम इथे कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. रोलरच्या डोक्यावर काचेची जाड नळी असते आणि तिच्यात वरून येणारा माल साचतो. नळीतल्या सेन्सरला मालाची पातळी कळते. पातळी चढली की खालचे वैरण घालणारे छोटे रोलर वेग वाढवतात, उतरली की कमी करतात, जेणेकरून दळणाऱ्या रोलरवर मालाचा पडदा सलग आणि एकसारखा पडावा. माल थांबला तर काही क्षण वाट पाहून दाबाची हवा सिलिंडरमधून सुटते, फुस्स असा आवाज होतो आणि सव्वादोनशे-अडीचशे मिलिमीटर जाडीचा तो अवजड रोलर आपल्या जोडीदारापासून मागे सरतो. माल परत आला की पुन्हा जागेवर येतो. ही सगळी ये-जा कुणी कळ न दाबता होते. एका पाळीत कुठल्या ना कुठल्या रोलरवर ती घडते आणि पाळीच्या माणसांना त्याचे काही वाटत नाही.

रोलरच्या मोटारीला लागणारा करंट हीसुद्धा एक बातमी असते. तो चढला म्हणजे फट आवळली गेली किंवा माल जास्त आला. तो घसरला म्हणजे रोलर झिजला, पट्टा सरकतोय किंवा माल कमी आहे. गिरणीला वीज हे अन्न तर आहेच, पण तीच वीज तिची नाडीही दाखवते.

हवेची किंमत

रोलरखालून निघालेला माल पाचव्या मजल्यावरच्या चाळण्यांपर्यंत जातो तो हवेतून. उभ्या नळ्यांमध्ये हवा सेकंदाला २० मीटरहून अधिक, म्हणजे ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर वेगाने वर खेचली जाते आणि तिच्याबरोबर रवा आणि कोंडा उडत जातो. हीच हवा रोलरची उष्णता आणि वाफ काढून घेते. प्युरिफायरमध्ये हलका कोंडा वर उचलून जड रवा खाली ठेवते, तेही हवेच्या जोरावर.

हवेचा वेग कमी पडला तर माल नळीतच घसरतो, साचतो आणि नळी तुंबते. गिरणीच्या भाषेत ‘चोक’ होतो. वेग जास्त ठेवला तर माल चोख चढतो, पण बिल भलतेच चढते. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग फक्त १० टक्क्यांनी उतरवला तर शक्ती २७ टक्क्यांनी उतरते. पूर्वी पंखा पूर्ण वेगाने पळवून पुढे झडप अर्धी मिटत असत. आता व्हीएफडी, म्हणजे मोटारीला जाणाऱ्या विजेची वारंवारिता बदलणारे यंत्र, नळीतला दाब पाहून पंख्याचाच वेग हवा तितका ठेवते.

दुसरी हवा दाबाची. सहा बारच्या आसपास दाबलेली ही हवा रोलर सरकवते, झडपा हलवते आणि धूळ पकडणाऱ्या फिल्टरच्या पिशव्यांना आतून झटका देऊन पीठ झाडते. ती कोरडी ठेवावी लागते, कारण हवेतले पाणी आणि झडपेत शिरलेले पीठ एकत्र आले की कणीक तयार होते आणि झडप अडकते. या हवेची गळती कानाला बारीक शीळ वाटते. तीन मिलिमीटरच्या एका भोकातून निसटणारी हवा दाबायला तीन किलोवॉटहून जास्त वीज जाते, म्हणजे दिवसाला सत्तरेक युनिट. एक टन गहू दळायला साधारण ७० ते ८० युनिट लागतात. एक भोक रोज जवळपास एक टन दळणाची वीज फुकट घालवते.

लाइट गेली तर

गिरणी सुरू करण्याचा क्रम पहिल्यांदा पाहणाऱ्याला उलटा वाटतो. सर्वांत शेवटचे यंत्र सर्वांत आधी सुरू होते. पिठाचे कन्व्हेयर, मग फिल्टर आणि पंखे, मग चाळण्या, मग रिकामे आणि एकमेकांपासून दूर ठेवलेले रोलर, आणि अगदी शेवटी गव्हाची धार. पुढची वाट मोकळी असल्याची खात्री झाल्याशिवाय मागचे यंत्र माल सोडत नाही. बंद करताना आधी गहू थांबतो, मग वाटेतला माल संपेपर्यंत बाकीची यंत्रे चालू राहतात. मध्येच एखादे यंत्र बंद पडले तर त्याच्या मागची सगळी आपोआप थांबतात आणि पुढची चालू राहतात.

या क्रमाचा दुसरा फायदा विजेचा. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. पन्नास-साठ मोटारी एकदम सुरू केल्या तर ट्रान्सफॉर्मर हात टेकेल. म्हणून प्रत्येकीत काही सेकंदांचे अंतर. चाळण्यांना तर जास्तच सवड द्यावी लागते. वेताच्या किंवा काचतंतूच्या लवचीक दांड्यांवर टांगलेला तो काही टनांचा सांगाडा वेग घेताना आणि थांबताना मोठा झोका खातो. तो स्थिरावल्याखेरीज त्यात माल सोडता येत नाही.

आता समजा, वीज अर्ध्या सेकंदासाठी गेली. घरातला दिवा नुसता मिचकावतो. गिरणीत मोटारींचे काँटॅक्टर सुटतात, पंखे मंदावतात आणि ताशी सत्तर किलोमीटर वेगाने वर चाललेला सगळा माल प्रत्येक नळीच्या तळाशी कोसळतो. वीज लगेच आली तरी यंत्रे सुरू करता येत नाहीत. आधी नळ्या मोकळ्या कराव्या लागतात, तोंडे उघडून, हाताने. म्हणून नियंत्रण संगणकाला आणि सेन्सरना यूपीएस असतो. पंख्यांचा भार उचलायची ताकद त्यात नसते, पण अंधारात कुठल्या यंत्रात काय अवस्था होती हे त्याच्या आधारे लक्षात राहते.

वीज असतानाही तिचा तोल राखावा लागतो. मोटारीत चुंबकीय क्षेत्र उभे राहते त्यासाठी लागणारा प्रवाह काम न करता नुसता ये-जा करतो, आणि महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकाच्या बिलात २०२० पासून त्याचाही हिशेब धरला जातो. म्हणून कपॅसिटरची बँक बसवतात. भार वाढला की नियंत्रक एकेक कपॅसिटर आत घेतो, कमी झाला की बाहेर काढतो.

दिवसाच्या तासांचेही तसेच. जून २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलले. सूर्यप्रकाशाच्या तासांत विजेचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आणि मागणीच्या ऐन वेळी उद्योगांना तो किमान १.२ पट लावायचा. गिरणी तर २४ तास चालते, ती काय करणार? ती गहू मुरवायच्या बिनचा आधार घेते. मुरण्याच्या वेळेमुळे गहू साफ करणारा विभाग आणि दळणारा विभाग एकाच वेळी चालायची गरज नसते. सफाईची क्षमता जास्त असेल तर दुपारच्या स्वस्त विजेवर गहू साफ करून, पाणी लावून बिन भरून ठेवायचे आणि संध्याकाळी महाग विजेवर फक्त दळायचे. एरवी वीज साठवायला बॅटरी लागते, इथे ते काम ओला गहू करतो.

हवेतले पीठ

मिनियापोलिसची वॉशबर्न ए मिल ही त्या काळची अजस्र गिरणी. २ मे १८७८ च्या संध्याकाळी ती स्फोटाने उडाली. १८ माणसे गेली आणि शेजारच्या गिरण्याही उद्ध्वस्त झाल्या. दारूगोळा नव्हता, गॅस नव्हता. होती ती हवेत तरंगणारी पिठाची धूळ, आणि माल संपल्यावर एकमेकांवर घासलेल्या दगडांची ठिणगी.

एक किलो पिठात सुमारे १५ मेगाज्यूल ऊर्जा असते. वजनाला वजन धरले तर टीएनटीच्या तिपटीहून जास्त. पोत्यात ती स्वस्थ बसते, कारण आतल्या पिठाला हवा मिळत नाही. तेच पीठ हवेत पसरले, घनमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास पोचले, तर प्रत्येक कणाभोवती प्राणवायू असतो आणि आग क्षणात सगळ्या ढगातून धावते. म्हणून गिरणीच्या दक्षतेचा फार मोठा भाग ठिणगीच्या मागावर असतो. एलिव्हेटरचा पट्टा सरकतोय का, बादल्या तिरक्या होऊन पत्र्याला घासतात का, बेअरिंग तापले का, गव्हातला खिळा चुंबकाने धरला का, नळ्यांवर साचणारी स्थिर वीज जमिनीत उतरते का. यातले एक उत्तर चुकले की एलिव्हेटर थांबतो, कारण विचारत बसत नाही.

आणि एक हिशेब. टनभर पिठातली ऊर्जा युनिटमध्ये मांडली तर ४,१०० च्या पुढे जाते. ते दळायला लागली सत्तर-ऐंशी युनिट. आपण खातो त्यातल्या ऊर्जेच्या पन्नासाव्या भागाहून कमी वीज त्याला खाण्याजोगे करण्यात जाते.

टनात एक मिलिग्रॅम

नेमकेपणाची कमाल पाहायची असेल तर ती शेवटच्या टप्प्यावर आहे. निळ्या ‘+एफ’ चिन्हाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळलेले असते. एफएसएसएआयच्या मानकानुसार किलोभर पिठात बी-१२ असावे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. म्हणजे टनभर पिठात एक मिलिग्रॅम. २०० टन पीठ बनवणाऱ्या गिरणीला दिवसभरात लागते ते एक ग्रॅमच्या पाचव्या भागाइतके.

ते मिसळायचे कसे? आधी वाहक पदार्थात विरळ करून मिश्रण बनवतात आणि ते एका छोट्या मळसूत्रातून पिठाच्या धारेत टनाला शंभर-दोनशे ग्रॅमच्या मापाने सोडतात. मळसूत्राचा वेग पिठाच्या वजनकाट्याशी बांधलेला असतो. पिठाची धार वाढली की तो वाढतो, पीठ थांबले की थांबतो. दगडाबरोबर फिरून पन्हळीला धक्के देणाऱ्या दांड्याचे तेच तत्त्व, फक्त माप मुठीवरून मिलिग्रॅमवर आले आहे.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा कोर्स करणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे मोटारींचे नाहीतर औषधांचे कारखाने असतात. त्यांनी जवळच्या एमआयडीसीतल्या रोलर मिलचा दरवाजाही ठोठावावा. पाणी, हवा, वीज, वजन, तापमान आणि आग या सगळ्यांचे नियंत्रण एका छपराखाली शिकता येईल अशा जागा फार नाहीत. पुढे हेच करायचे ठरले तर मैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय संस्थेत पीठगिरणीचे तंत्र शिकवणारी स्वतंत्र शाळा आहे. आणि शिक्षकांनी सहल नेताना एवढे सांभाळावे, की गिरणी चालू असताना न्यावी आणि मुलांना आधी कंट्रोल रूमकडे नेऊ नये. काचेच्या नळीसमोर उभे करावे आणि रोलर मागे सरेपर्यंत थांबायला सांगावे. पडद्यावरचे आकडे नंतर दाखवले तरी चालतील.